वहीतली चौदा पावलं

टक्.

शिवणयंत्राची सुई मोडली आणि पहाटेची शांतता संपली. पलीकडच्या गादीवर सासूबाईंनी, उमसुनाईंनी, कूस बदलली. डोळे मिटलेलेच ठेवून त्यांनी विचारलं, "काय मोडलं?"

"सुई, एने."

"मग ठीक. मला वाटलं यंत्र."

यंत्र सासूबाईंच्या लग्नातलं होतं. ते मोडलं असतं तर दिवसाला वेगळंच वळण लागलं असतं. बुरुलनं दुसरी सुई बसवली आणि धाकट्या तिलेकच्या मखमली जाकिटाची उरलेली बाही हाती घेतली. आज पायबंद, चालू लागलेल्या पोराच्या पायांतली लोकरीची दोरी, कापताना तिलेक हे जाकीट घालणार होता, आणि परवा हेच जाकीट बिश्केकला परीक्षकांपुढे 'बालकाचे सणाचे वस्त्र, अस्तरासह' म्हणून जाणार होतं.

पाच वर्षं हे असंच चाललं होतं. घरी राहून, पत्रानं, गृहविज्ञानाची शिक्षिका व्हायला निघालेल्या बाईला वेगळा अभ्यास करायला वेळ कुठला? घरात जे घडेल ते ती संस्थेला पाठवून द्यायची. नवऱ्याच्या आतेभावाच्या लग्नातला पुलाव 'चाळीस माणसांच्या भोजनाचे परिमाण' म्हणून गेला. गळकं छप्पर 'घरदुरुस्तीचे नियोजन' म्हणून गेलं. थोरल्या जाऊबाईंशी झालेलं लोण्यावरचं भांडण 'कुटुंबातील मतभेद : एक निरीक्षण' या नावानं गेलं आणि त्याला पाचपैकी चार गुण पडले. एक गुण कापून संस्थेतल्या बाईंनी समासात लिहिलं होतं, की भांडणाचा शेवट स्पष्ट होत नाही.

आता शेवटची परीक्षा राहिली होती. तीन आठवडे, बिश्केकमध्ये. या जूनला बसली नाही तर पाच वर्षं पाण्यात. गावच्या शाळेतली जागा सप्टेंबरपासून रिकामी होती. मुलींना शिवण गणिताचे मास्तर शिकवत, आणि त्यांना सरळ टीप सोडून दुसरं काही येत नव्हतं. मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या की ऑगस्टपर्यंत जागा धरून ठेवते, पुढचं माझ्या हातात नाही.

सासूबाईंची अट एकच होती आणि ती त्यांनी मार्चमध्येच सांगून टाकली होती. पोरगं चालायला लागलं की खुशाल जा. न चालणारं पोर कडेवर घेऊन, गुरांमागे उन्हाळी कुरणावर तीन आठवडे काढायला माझी कंबर तयार नाही.

तिलेक तेरा महिन्यांचा होता. भिंतीला धरून उभा राहायचा. हात सोडला की खाली बसायचा. रडत नसे, घाबरत नसे. बसायचं त्याचं आधीच ठरलेलं असावं, तसा बसायचा.

आणि वहीत तो चौदा पावलं चालला होता.

ती बालविकासाची वही होती. एका मुलाचं सहा महिने निरीक्षण करायचं आणि मेच्या पहिल्या आठवड्यात वही घरातल्या जाणत्या माणसाच्या सहीनं पुरी करायची. 'आधाराशिवाय चालणे' या रकान्यात तारीख आणि पावलं लिहायची होती. रकाना रिकामा राहिला तर 'विलंब' असं लिहून डॉक्टरांचा दाखला जोडायचा. डॉक्टर नारिन शहरात, तेही गुरुवारीच. बुरुलनं चौदा लिहिलं. दहा म्हणजे फार गोल आकडा वाटला, वीस म्हणजे फार हाव. सही होईपर्यंत चालेलच की, असा तिचा हिशेब होता.

सही करणार होते ओस्मोनकुल आके, तिच्या वारलेल्या सासऱ्यांचे थोरले भाऊ, निवृत्त मुख्याध्यापक. वही त्यांच्याकडे जाणं भागच होतं. सासरच्या थोरांची नावं सुनेनं घ्यायची नसतात. लिहायचीही नसावीत असं बुरुलनं धरलं, आणि 'घरातील व्यक्ती' या रकान्यात 'मोठे', 'त्यांच्याहून मोठे' आणि 'सगळ्यांत मोठ्या' असं लिहून ठेवलं. आकेंनी लाल पेन्सिलीनं खरी नावं भरली. भरता भरता पुढची पानंही वाचली. आणि त्याच संध्याकाळी काठी टेकत घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, की पोर चौदा पावलं चाललं आणि घरात कुणाला पायबंद कापायची शुद्ध नाही. असं ठेवलं तर पोर जन्मभर अडखळतं. जूनचा पहिला रविवार त्यांनीच ठरवला. मेंढा कुठून आणायचा तेही त्यांनीच सांगितलं.

सासूबाईंनी ते सगळं ऐकून घेतलं आणि त्या काही बोलल्या नाहीत. बुरुलनं त्याचा आपल्या सोयीचा अर्थ लावला.

*

अंगणातल्या चुलीवर थोरली जाऊ रायकान कणकेचे बोरसोक तळत होती. कढईतून फुगलेले तुकडे काढायचे, परातीत टाकायचे, नवे सोडायचे. हात चालू होते, डोकं घोड्यांत होतं.

पाच घोड्या आणि आठ गाई. घोडी दर दोन तासांनी पिळावी लागते, गाई सकाळ-संध्याकाळ. कुरणावर हे काम दोन जावा करत आल्या होत्या. एक जाऊ बिश्केकला गेली तर एका जावेनं करायचं, आणि ती जाऊ कोण हे सांगायला पुस्तक लागत नव्हतं. रायकानची मनगटं गेल्या हिवाळ्यापासून रात्रीची ठणकत. डॉक्टरांनी मलम दिलं होतं. ते लावलं की गाई तोंड फिरवत.

बुरुलचं वाईट व्हावं असं तिला वाटत नव्हतं. बुरुलचं पुढच्या वर्षी व्हावं, इतकंच वाटत होतं.

बुरुल तिलेकला कडेवर घेऊन पाणी न्यायला आली तेव्हा रायकान म्हणाली, "चालवून दाखव जरा. मीही बघते."

"आत्ताच दूध प्यायलाय, एजे."

"तुझ्या पुस्तकात दूध पायांत जातं?"

बुरुलनं बादली भरली आणि गेली. रायकाननं झारा परातीत ठेवला, हात पुसले, आणि गोठ्यामागे जिथे उमसुनाई लोकरीचा पीळ वळत बसल्या होत्या तिथे जाऊन उभी राहिली. पोर चालत नाही, तिनं सांगितलं. महिनाभर ती बघत होती. भिंत सुटली की बसतं. चाळीस माणसं जेवायला येणार, मेंढा कापून झाला, आणि पोर भर अंगणात बसलं तर हसं कुणाचं होणार?

"दुपारी दिसेलच," उमसुनाई म्हणाल्या.

"तुम्हाला तर सगळं दिसतं, एने. तो दिवसभर तुमच्याजवळ असतो."

"म्हणून तर म्हणते. दुपारी दिसेल."

रायकान परत फिरली. सासूबाई आपल्या बाजूला आहेत असं तिनं धरलं. त्या सकाळी त्या घरातल्या प्रत्येकाला सासूबाई आपल्याच बाजूला आहेत असं वाटत होतं.

*

उमसुनाईंनी काळी आणि पांढरी लोकर एकत्र पिळली. पीळ मांडीवर घासून घट्ट केला.

त्यांना दिसलं होतं. आठ दिवसांपूर्वी, याच गोठ्यात. बुरुल अभ्यासाचे कागद छापून आणायला बाजारात गेली होती. तिलेकला चाऱ्याच्या ढिगाशी बसवून त्या तांबड्या गाईखाली बसल्या होत्या. धारेचा आवाज चालू होता. मग पाठीवर काहीतरी टेकलं. आधी वासरू वाटलं. मग कळलं की पाच-पाच बोटांचे दोन हात आहेत. चाऱ्याचा ढीग सहा हात दूर होता आणि मध्ये धरायला काही नव्हतं.

त्यांनी वळून पाहिलं, तसा तो खाली बसला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम पाठ केली. आला. वळल्या. बसला. पाठीला चिकटून झोळीत जायची त्याला सवय होती. पाठ दिसली की तो निघायचा, तोंड दिसलं की थांबायचा. आठ दिवस हे त्या दोघांत चाललं होतं आणि दोघांपैकी कुणीच घरात बोललं नव्हतं. त्याला बोलता येत नव्हतं. त्यांना येत होतं.

आपण खोटं बोललो असं त्यांना वाटत नव्हतं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. रायकाननंही मघाशी विचारलं नाही, सांगितलं.

एकोणीस वर्षांपूर्वी त्यांची लेक चिनारा हिशेबनिसाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम करायला बिश्केकला गेली. अजून आली नव्हती. म्हणजे यायची, नवऱ्याबरोबर, गाडीतून, पुठ्ठ्याच्या खोक्यात केक घेऊन, आणि दुसऱ्या दिवशी जायची. कुणी विचारलं तर उमसुनाई सांगायच्या, शिकतेय अजून. बुरुल पोटची नव्हती, सून होती. पण पहाटे शिवताना ती चिनारासारखीच ओठ चावायची. तीन आठवडे म्हणून जाणाऱ्या माणसाचे तीन आठवडे किती असतात ते उमसुनाईंना ठाऊक होतं. आणि परत आली तरी आठ ते दोन शाळेत. तोवर घर कुणाच्या गुडघ्यांवर?

चालला असं म्हटलं की तिला जाऊ द्यायचं. नाही म्हटलं की खोटं. त्या काहीच म्हणाल्या नव्हत्या.

पीळ तयार झाला. त्यांनी तो दातांनी तोडला.

*

दुपारी अंगणात पांढरा लोकरी नमदा अंथरला. ओस्मोनकुल आकेंना खुर्ची दिली. बाकीचे भिंतीशी, गवतावर, ट्रॅक्टरच्या सावलीत. तिलेकला जाकीट घालून मधोमध उभं केलं. एक हात बुरुलच्या हातात, एक रायकानच्या. पायांत काळा-पांढरा पीळ आठच्या आकड्यात गुंडाळलेला.

पाण्याच्या पाटापासून मुलं शर्यत लावून धावत आली. शेजारच्या घरची नऊ वर्षांची मुलगी पहिली पोचली, चाकू घेतला आणि एका झटक्यात पीळ कापला. जो कापतो त्याची चाल पोराला लागते. मुलगी चपळ होती. बायकांनी बरं झालं म्हटलं. इथपर्यंत सगळं बुरुलच्या मनासारखं झालं. आता रिवाजाप्रमाणे दोघींनी हात धरून पोराला नमद्याच्या टोकापर्यंत न्यायचं, मिठाई उधळायची, आणि मंडळींनी जेवायला बसायचं. हात धरून तर तो छान चालायचा.

रायकाननं हात सोडला.

"चालतो ना तो?" ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली. "मग धरायचं कशाला?"

चाळीस जणांनी बुरुलच्या हाताकडे पाहिलं. बुरुलनंही तो सोडला.

तिलेकनं सगळ्यांकडे पाहिलं, आणि बसला. कापलेल्या पिळाचा एक तुकडा उचलून त्यानं तोंडात घातला.

मग ओस्मोनकुल आकेंनी कोटाच्या आतल्या खिशातून वही काढली, चष्मा लावला आणि पान शोधलं. "अठ्ठावीस एप्रिल. आधाराशिवाय. चौदा पावलं," त्यांनी वाचलं. "चाललेला आहे. आज चालत नाही, हा आजचा प्रश्न."

"वहीत चालून कुरणावर काय उपयोग, आके?" रायकान म्हणाली. "खोटी वही आहे की पोरगं, तेवढं सांगा."

आके पुन्हा पानात बघायला लागले. लेखी पुराव्याला त्यांनी चाळीस वर्षांत कधी खोटं म्हटलं नव्हतं. तिथल्या तिथे ते काहीतरी शोधून काढतील हे बुरुलला दिसत होतं. पोराला उन्हाचा त्रास झाला, नमदा मऊ आहे, गर्दीनं बुजलं. आणि तिनं नुसतं गप्प राहायचं होतं.

"वही," ती म्हणाली.

"काय?"

"वही खोटी आहे, आके. तो चालला नव्हता. रकाना रिकामा ठेवला असता तर दाखला मागितला असता. मी चौदा लिहिलं. तुम्ही वाचाल आणि मेंढा कापायला लावाल, असं वाटलं नव्हतं."

आकेंनी वही मिटली. पुन्हा उघडली. "याच्याखाली माझी सही आहे," ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता. "लाल पेन्सिलीची."

"हो, आके."

कुबातनं, बुरुलच्या नवऱ्यानं, टोपी काढून डोकं खाजवलं. तो चांगला माणूस होता आणि चांगल्या माणसासारखंच बोलला. म्हणाला की झालं ते झालं, जेवायला बसू या, परीक्षा काय, पुढच्या वर्षीही असेलच की.

पुढच्या वर्षी परीक्षा नव्हती, जागाही नव्हती, हे त्याला ठाऊक होतं. बुरुलनं त्याच्याकडे पाहिलं नाही. ती खाली वाकून तिलेकच्या तोंडातली लोकर काढत राहिली. एक धागा निघाला की दुसरा सापडायचा.

बायकांत कुजबुज सुरू झाली होती. रायकानची मावशी, जिला ऐकू कमी येत असल्यामुळे कुजबुजता येत नव्हतं, म्हणाली की पोराची कंबर कच्ची असणार. तिच्या दिराच्या घरी असाच एक होता. सातव्या वर्षी चालला, तोही काठीनं. दुसरीनं हाडवैद्याचं नाव सांगितलं. तिसरी म्हणाली, डोळेही बघून घ्या, कच्च्या कंबरेच्या पोरांची नजर मंद असते. तिलेक त्यांच्याकडे मंद नजरेनं पाहत होता.

उमसुनाई उठल्या.

सुनेनं चाळीस माणसांत खरं सांगितलं, याचं त्यांना काही वाटलं असेल तर ते तोंडावर दिसलं नाही. पण कंबर कच्ची. नजर मंद. त्यांच्या नातवाची.

त्या नमद्याच्या दुसऱ्या टोकाला गेल्या, सगळ्यांकडे पाठ केली आणि गवतावर उकिडव्या बसल्या. भरल्या अंगणात घरधनीण पाहुण्यांकडे पाठ करून बसते, याचा अर्थ एकच होता. मावशीनं पिशवी गोळा केली. आके खुर्चीतून अर्धे उठले. म्हणाले, "उमसुनाई, असं करू नका. माणसं जेवायची आहेत."

"बसा तुम्ही," उमसुनाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या. "आणि त्याच्याकडे बघू नका. कुणीच बघू नका."

बघू नका म्हटल्यावर सगळ्यांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. तिलेकनं आजीची पाठ पाहिली. दोन्ही हात नमद्यावर टेकले, बूड वर केलं, उभा राहिला. मग कुणाचाच हात न धरता, गुडघे न वाकवता, जरा डावीकडे कलत, तो निघाला. मधे एकदा थांबला. पुन्हा निघाला, नमदा संपला, गवत आलं, आणि तो आजीच्या पाठीवर जाऊन आदळला.

"एकोणीस," आके म्हणाले. त्यांनी खिशात लाल पेन्सिल शोधायला सुरुवात केली होती.

उमसुनाईंनी मागे हात नेऊन त्याला धरलं. वळल्या नाहीत. "आठ दिवस झाले चालतोय," त्या भिंतीला म्हणाल्या. "मला माहीत होतं. बोलले नाही. कंबर काढली ना कुणी आता त्याची, तर तिच्या घरच्या सगळ्यांच्या कंबरा मी काढीन."

मावशीला हे नीट ऐकू आलं.

बुरुल नमद्याच्या अलीकडच्या टोकाला उभी होती. हातात ओल्या लोकरीचे धागे होते. तो चालला होता. आठ दिवस चालत होता. आज तिनं पाहिलं, ते पाठमोरंच पाहिलं.

"परवाच्या मिनीबसनं जाईल ती," उमसुनाई म्हणाल्या. "तीन आठवडे. एकविसाव्या दिवशी मी रस्त्यावर येऊन उभी राहीन. तेवढं लक्षात ठेव, पोरी. म्हातारीला रस्त्यावर उभं करायचं नाही."

"हो, एने."

"आणि घोड्या?" रायकाननं विचारलं. तिनं ते शांतपणे विचारलं, कारण प्रश्न तिचा खराच होता.

"कुबात पिळेल."

अंगणात सकाळपासून पहिल्यांदा हसू फुटलं. कुबात म्हणाला की घोडी पुरुषाच्या हाताला उभी राहत नाही, असं म्हणतात.

"घोडी म्हणते का तू म्हणतोस?" रायकान म्हणाली.

त्यानं थोरल्या भावाकडे पाहिलं. भाऊ मेंढ्याच्या पातेल्यात काहीतरी महत्त्वाचं बघत होता. पहाटे चारला मी उठवीन, रायकाननं दिराला सांगितलं. बादली घेऊन यायचं. घोडीपुढे बोलायचं नाही, तिला बडबड आवडत नाही. तिच्या आवाजात कितीतरी महिन्यांनी काहीतरी हलकं होतं.

मग जेवणं झाली. ज्याला जे हाड मिळायचं ते त्याला मिळालं. आकेंना मांडीच्या वरचं, उमसुनाईंना शेपटीकडचं, मावशीला जरा कमी मानाचं. बुरुलला बरगड्या मिळाल्या. त्या रायकाननं स्वतः आणून दिल्या आणि शेजारी बसली.

"हे सगळं लिहून पाठवणार असशील," ती म्हणाली. "किती गुण मिळतात याला?"

"शेवट स्पष्ट असला तर पाच."

"मग माझ्या मनगटांचंही लिही. मलमाचा वास लिही." बुरुलच्या ताटातली एक बरगडी उचलून ती पातेल्याकडे गेली.

पाहुणे निघाले तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. प्रत्येकाचं उरलेलं मांस प्रत्येकाबरोबर घरी जायचं असतं. बुरुल ओट्यावर बसून पिशव्या भरत होती. आकेंची पिशवी वेगळी ठेवली, खाली कागद घालून. त्यांनी वही परत दिली होती. 'चौदा'वर रेघ मारून 'एकोणीस' लिहिलं होतं, आजची तारीख घातली होती, आणि पुन्हा सही केली होती.

बुरुलची पाच वर्षांची लेक सेझिम येऊन तिच्या गुडघ्याला टेकली. तिच्या गालावर मिठाईची साखर होती. ती बराच वेळ पिशव्यांच्या गाठी बघत राहिली.

"अपा, तिलेक पाठ दिसली की चालतो ना?"

"हो, बाळा."

"आणि तोंड दिसलं की बसतो."

"हो."

सेझिमनं यावर विचार केला. पलीकडे गोठ्याच्या दारात उमसुनाई तिलेकला झोळीत बांधत होत्या.

"परवा तू मिनीबसकडे जाशील तेव्हा आमच्याकडे तुझी पाठ असेल," ती म्हणाली. "मग तो तुझ्यामागे चालायला लागेल."

बुरुलच्या हातातली गाठ अर्धी राहिली.

"तू वळून बघितलंस तर तो रस्त्यातच खाली बसेल. नाही बघितलंस तर चालतच येईल." तिनं आईच्या तोंडाकडे पाहिलं. "मग तू वळून बघणार, की नाही बघणार?"